आईंनी हात लावलेला ड्रायर

सुजातापासून, म्हणजे माझ्या बायकोपासून, मी सहसा काही लपवत नाही. लपवायला जमतच नाही म्हणा. पण ही एक गोष्ट तिलाही ठाऊक नाही. तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे.

दोन हजार सहाचा हिवाळा. आम्ही एडिनबरात, तळमजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. थोरली नुकतीच झाली होती आणि बाळंतपणासाठी सुजाताची आई अलिबागहून आली होती. जावयाच्या घरी राहायचा त्यांना फार संकोच. मला 'निखिलराव' म्हणायच्या, मी स्वयंपाकघरात शिरलो की बोलणं थांबवायच्या. आणि खोटं कशाला बोलू, त्या संकोचाचाही मला संशय यायचा. एवढं काय लपवतात?

मग स्वयंपाकघरातल्या, कपडे वाळवायच्या ड्रायरचं बिनसलं. म्हणजे चालायचा, घरघरायचा, हात भाजेल इतका तापायचा — पण दोन-दोनदा लावूनही दुपटी दमटच. जाळीवरची लव काढली. कपडे निम्मे केले. वॉशिंग मशीनमध्ये जास्त पिळून घेतले. छे! मग उरलं कोण? दिवसभर घरात असणाऱ्या आई.

मी पाळतच ठेवली. ऑफिसातून आलो की कोट न काढता आधी मशीनमध्ये हात घालायचो. हाताने धुतलेले, नीट न पिळलेले लंगोट त्या गुपचूप आत टाकतात, मधेच दार उघडून बघतात, अशी माझी खात्रीच झाली. एकदा विचारलंही. "नाही हो, तुम्ही दाखवलंत तस्संच करते," म्हणाल्या. मला तेही पढवल्यासारखं वाटलं. हळूहळू सुजातालाही पटवलं — मीच.

एका शनिवारी कचरा टाकायला मागे गेलो. ड्रायरची वाफ बाहेर सोडणारा पाइप तिथे भिंतीतून निघायचा. त्याच्या तोंडात काहीतरी कोंबलेलं दिसलं. ओढलं, तर माझंच जुनं बनियन.

मीच कोंबलं होतं. लेकीच्या तोंडाला चव नाही म्हणून आईंनी आल्या आल्या सुकट भाजली होती, आणि शेजारच्या गोऱ्या बाईंची खिडकी त्या भोकाला लागूनच. त्या बाई कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. पण मला आपली लाज! वास बाहेर जाऊ नये म्हणून बनियन खुपसलं आणि साफ विसरलो.

बनियन कचऱ्यात टाकलं, वरून पिशवी दाबली. त्या दिवशी कपडे एका फेरीत कडकडीत वाळले. सुजाता दुपटं गालाला लावून म्हणाली, "अरे, आज कसं काय?"

सांगता आलं असतं. हसून सांगण्यासारखीच गोष्ट होती, नाही का?

"आज आईंनी हात नाही लावला ना," मी म्हणालो.

आई तिथेच कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. मग पुन्हा मळू लागल्या.

त्यानंतर बाळाचे कपडे त्या बाथरूममध्ये हाताने धुवायच्या, रेडिएटरवर पसरायच्या. बोटांना भेगा पडल्या. मी क्रीम आणून दिलं. निखिलराव किती काळजी घेतात, असं त्यांनी फोनवर अलिबागला सांगितलं. ते ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि आता संशय आहे तो वेगळाच. मी बनियन ओढून काढलं तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या उभ्या होत्या का? कुणीतरी होतं, एवढं आठवतं. म्हणजे सगळं माहीत असून, जावयाला खोटं पाडायचं नाही म्हणून त्यांनी ते ऐकून घेतलं?

धाकट्याच्या वेळी सुजाताने त्यांना पुन्हा बोलावलं. फोन स्पीकरवर होता. "नको गं," त्या म्हणाल्या, "तिथली मशिनं मला नाही जमत. निखिलरावांना उगीच त्रास."

सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. 'तू तरी सांग ना' अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे," मी म्हणालो. "त्यांना नाही झेपत."