डाळिंबाच्या गळ्यातली तार

रेवदंड्याहून इस्रायलला जायला निघालो तेव्हा एस.टी. हॉर्न वाजवत होती आणि बाबा मागच्या पडवीत बंद पडलेल्या घाण्यावर हात फिरवत उभे होते. आपण शनिवार तेली, शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारभर घाणा बंद ठेवणारे यहुदी. शुक्रवारी दिवे लागायच्या आधी आजोबा ओरडून विचारायचे, ‘बैल सोडले काय?’ बैल विकून वीस वर्षं झाली तरी बाबाही तेच विचारत. शेवटी आईनं त्यांना हाताला धरून गाडीत चढवलं.

बेर्शेबात आमच्या इमारतीखालचं जुनं डाळिंब पार्किंगसाठी तोडलं गेलं. मांडीएवढं ते खोड बाबांनी मुळांसकट खणून आणलं आणि पसरट कुंडीत लावलं. मी नर्सरीत कामाला होते. तिथं शिकलेलं बोन्साय त्यांना शिकवत गेले. जाड खोडावर नुसत्या काड्या म्हणजे हत्तीला मिशा, असं ते म्हणत. पाच फुटवे ठेवायचे, कोवळे असतानाच तांब्याची तार गुंडाळून वळवायचे, जाड होईस्तोवर वाढू द्यायचे, मग कोंब फुटायचे दोन डोळे ठेवून छाटायचे. एकीच्या दोन, दोनाच्या चार फांद्या. हिवाळ्यात पानं गळली की चष्मा पुसून ते तासन्‌तास त्या बघत बसायचे. अशी सात वर्षं गेली.

मग गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते मित्स्पे रामोनला माझ्या भावाकडे राहायला गेले. जाताना म्हणाले, ‘बाय, साल फुगली का तार काप हां. इसरू नको.’

ते वर्ष श्मिताचं. दर सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती: पेरायचं नाही, छाटायचं नाही. हा नियम याच देशापुरता, तिकडे आपल्याला कुठून ठाऊक असणार? समोरच्या दारची बाई मला जिन्यात थांबवून विचारायची, ‘तुम्ही हिंदी लोक खरंच यहुदी?’ तिला दाखवायचं म्हणून मी पाण्याखेरीज झाडाला बोट लावलं नाही. तार काढलेली चालते का, हे आमच्या धर्मगुरूंना, रब्बींना, एका वाक्यात विचारता आलं असतं. विचारलं तर अडाणी ठरेन, म्हणून विचारलं नाही. बाई मात्र स्वतःचा गुलाब खुशाल छाटत होती.

सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तशी तार सालीत रुतत गेली. मला रोज दिसत होतं. बाबांना फोनवर ‘झाड मजेत आहे’ म्हणायची, आणि मनातून स्वतःवर खूश असायची. त्या खुशीची आज शिसारी येते. बाईवरची चीड केव्हाच विरली. स्वतःची किळस काही जात नाही.

बाबा परतले ते काठी टेकत थेट बाल्कनीत. बराच वेळ त्यांनी बोटांनी साल चाचपली. मी श्मिताचं सांगितलं.

‘आपल्या बापजाद्यांनी शनवारी बैलाच्या मानेवरचं जू काढलं,’ ते म्हणाले, ‘आन तू वरीसभर झाडाच्या गल्यात तार ठेवलीस? कोनासाठी?’

तार रुतलेल्या पाचही फांद्या त्यांनी स्वतः खोडापाशी कापल्या. वसंतात नवे फुटवे आले, पण ते जाड व्हायच्या आत बाबा गेले.

तुम्ही रेवदंड्याहून पत्रातून विचारता, तिकडे घरासारखं वाटतं का. आरशात त्या वर्षीची मी दिसते, तेव्हा तर नाहीच वाटत. पण शुक्रवारी दिवे लावायच्या आधी मी स्वयंपाकघरातून ओरडते, ‘बैल सोडले काय?’ मुलगी बाल्कनीत जाते, एकेका फांदीवरची तार बघते, रुतायला लागलेली कापते.

‘केन, इमा,’ म्हणते. हो, आई.

तिनं बैल कधी पाहिलेला नाही. मग मी दिवा लावते.