लेकाबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने

वरळी कोळीवाड्यात सुके बोंबील घ्यायला गेले, की त्या उन्हात तापलेल्या खारट वासासरशी मी थेट कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन पोचते. मागल्या थंडीत मी आणि माझा लेक पाठीला सॅक अडकवून तिथे गावोगाव पायी हिंडलो होतो. तिशी ओलांडलेला हा मुलगा एरवी लालबागच्या आमच्या खोलीत मोबाइलमधून डोकं वर काढत नसे. तोच एक दिवस म्हणाला, "आई, आठवडाभर भटकून येऊ. फक्त आपण दोघं." मैत्रिणींना केवढं कौतुक वाटलं! माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. हा परदेशी निघालाय, की राहती खोली विकायची आहे याला? त्याआधी आईला खूश करून घेतोय?

वाटेत संशय बळावतच गेला. सुरूच्या बनातून चालताना तो मध्येच विचारी, "काल कुठल्या गावात राहिलो गं आपण?" मी उत्तर दिलं, की जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राही. फोन करायला माडांच्या आड जाई, हलक्या आवाजात बोले. ओल्या वाळूवर सोनेरी संध्याकाळ सांडलेली असे, आणि मी आपली पोलिसासारखी त्याच्या पाठमोऱ्या आकृतीवर डोळा ठेवून!

एका खाडीपाशी पलीकडच्या होडीची वाट बघत बसलो असताना मी विचारलंच, "खोली विकतोयस ना रे?"

तो गोंधळला. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "गणपतीच्या आधी तू परळला गेली होतीस. घरी यायचं सोडून कॉटन ग्रीनला गोदामांपाशी उभी होतीस. एका टॅक्सीवाल्याने तुझ्या फोनवरून मला कळवलं. मी न्यायला आलो. आठवतंय?"

मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. क्षणभर वाटलं, हा रचून सांगतोय. पण त्याचे डोळे भरले होते.

"डॉक्टर म्हणाले, काही दिवस सतत बरोबर राहून बघा. फोन त्यांनाच करत होतो. तुला सांगायचा धीर होत नव्हता गं."

परतल्यावर तपासण्या झाल्या. विसरण्याचाच आजार, पण अजून सुरुवातीचा. गोळ्या चालू आहेत. लेकावरचा संशय आता माझा माझ्यावरच येऊन बसलाय. गॅस बंद केला ना? हे मी कालच सांगितलं का? कधीतरी तो किनाराही पुसला जाईल. अजून तरी लख्ख दिसतं, होडी काठाला लागली, त्याने माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि हात पुढे केला. मी तो धरला, काहीही न विचारता.