मैदानावर मंदावलेली नाडी

ही केस आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. उठतो, दोन फेऱ्या मारतो, पाणी पितो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. यात तसं काहीच नव्हतं. प्रकरण कोर्टातही गेलं नाही. तरी सगळ्यात जास्त त्रास यानंच दिला, कारण यात चूक माझी होती.

शहरात पोलीस भरती सुरू होती. मी एका ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळी नऊच्या सुमारास दवाखान्यातून एमएलसी आली, म्हणजे पोलिसांना कळवायची चिठ्ठी. मुलींच्या आठशे मीटर धावण्यात बावीस वर्षांची एक उमेदवार शेवटच्या वळणावर कोसळली होती. पाचोडकडची मेंढपाळाची मुलगी. नावं कुणाचीच देत नाही; तिला पाचोडची म्हणतो.

मी फौजदाराला न पाठवता स्वतः गेलो. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "साहेब, मला एक गोष्ट खटकतेय. एवढं जीव तोडून पळालेल्या मुलीची नाडी धडधडत असायला हवी. हिला आणली तेव्हा ती एखाद्या झोपलेल्या माणसासारखी चालली होती. रक्तदाबही खाली गेलाय. हिच्या पोटात काहीतरी औषध आहे."

मुलगी शुद्धीवर होती, पण काही विचारलं की तोंड भिंतीकडं फिरवायची. दुपारी बाप आला. खांद्यावर घोंगडी तशीच. कळप भावकीतल्या कुणाच्या तरी हवाली करून तो मिळेल त्या गाडीनं आला होता.

"साहेब, माझी लेक लई पळती. तिच्यासंगं पळायला गावात पोरगं उभं राहत नाय. तिला कुणीतरी काहीतरी चारलंय. तुम्ही शोधा."

मला ते पटलं. भरतीत जागा थोड्या, उमेदवार ढीगभर. त्यातच ठाण्यात फोन आला. पुंडलिकनगरात या मुली जिथं जेवायच्या, त्या खानावळीच्या बाईचा. "साहेब, मी पाह्यलंय. खोलीतल्या मैत्रिणीनंच पहाटं तिच्या बाटलीत कायतरी कालवलं अन् तिला पाजलं."

मैत्रीण गंगापूर तालुक्यातली, बऱ्या शेतीवाडीच्या घरातली, पाचोडच्या मुलीहून पाच वर्षांनी मोठी, भरतीच्या वयोमर्यादेच्या काठावरची. दोघी दीड वर्ष एका खोलीत राहत होत्या, एकाच मैदानावर सराव करत होत्या. आणि धावण्यात पाचोडची नेहमी पुढं. मला हेतू मिळाला, साक्षीदार मिळाला. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि मैत्रिणीला बोलावून घेतलं.

महिला हवालदाराला समोर बसवून विचारपूस सुरू केली.

"बाटलीत काय कालवलं?"

"लिंबू, मीठ, साखर. तिला गरगरत होतं सकाळी."

"गरगरायला काय झालं होतं?"

मी तोच प्रश्न तीन प्रकारे विचारला. आवाज चढवला, उतरवला. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. शेवटी एवढंच म्हणाली, "साहेब, उद्या सकाळी माझं ग्राउंड आहे. मला जाऊ द्या. पळून झालं की मी स्वतः येते."

हे निमित्त आहे असं मी धरलं. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर ठाण्यात ठेवता येत नाही, म्हणून त्याआधी तिला सोडावं लागलं. सोडताना बजावलं, "सकाळी सहाला इथं हजर पाहिजे. ग्राउंडचं नंतर बघू."

संध्याकाळीच पंच घेऊन आम्ही खोलीची झडती घेतली. दोन गाद्या, एक स्टोव्ह, भिंतीवर सरावाचं वेळापत्रक. पाचोडच्या मुलीच्या पिशवीत, एका मोज्यात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी सापडली. निम्म्या गोळ्या संपलेल्या. पट्टी हातात घेतली आणि मी ती लगेच ओळखली. मी स्वतः रोज नाश्त्यानंतर घेत होतो ती हीच गोळी. रक्तदाबाची.

ही गोळी सुरू झाली तेव्हाचे पहिले दिवस मला आठवले. आयुक्तालयाचे दोन जिने चढताना पाय शिशाचे झाले होते. धाप नव्हती, छातीत दुखत नव्हतं, फक्त अंगात जोर येत नव्हता. माझ्या डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं, "ही गोळी हृदयाला जास्त जोरात पळू देत नाही. तुम्ही पळायला लागलात तरी ते आपल्याच चालीनं चालणार. दुसऱ्या मजल्यावर जरा थांबत जा." म्हणजे आठशे मीटर पळणाऱ्या मुलीला ही गोळी दिली, तर काय होणार हे मला माझ्याच अंगावरून कळत होतं.

इथं खरं तर मी थांबायला हवं होतं. पट्टी मैत्रिणीच्या नव्हे, त्या मुलीच्याच पिशवीत सापडली होती. पण मला वाटलं, मैत्रिणीनंच ती तिथं लपवली असणार. एकदा मनानं आरोपी ठरवला की पुरावाही त्याच्याच अंगाला चिकटवता येतो.

सकाळी सहाला मैत्रीण आली. अंगात ट्रॅकसूट, पायात धावायचे बूट, छातीवर पिनेनं लावलेला चेस्ट नंबर. मी पट्टी टेबलावर ठेवली. "या कुणी दिल्या तिला?"

तिचा चेहरा उतरला. "मला सांगता येत नाही, साहेब."

"येत नाही की सांगायचं नाही?"

"येत नाही."

मी तिला बाकावर बसवलं. तिचा एक पाय सारखा हलत होता. दर थोड्या वेळानं ती हवालदाराला विचारायची, "बाई, किती वाजले?" मलाही चैन पडत नव्हतं. जबाबाचे कागद चाळले, तिला पुन्हा आत घेतलं, पुन्हा बाहेर बसवलं. आठ वाजून गेल्यावर मी जीप काढून दवाखाना गाठला.

पाचोडची आता उठून बसली होती. बापाला चहाला पाठवलं आणि मी मोज्यातली पट्टी तिच्यापुढं धरली. "तुझ्या मैत्रिणीनं तुला या चारल्या म्हणून तिला ठाण्यात बसवलंय."

ती खाटेवरून खालीच उतरायला लागली. "तिला? साहेब, आज तिचं ग्राउंड हाय! तिनं काय बी नाय केलं. मीच घेतल्या. मावशीच्या डब्यातनं घेतल्या."

मग सगळं बाहेर पडलं. महिन्यापूर्वी सरावाच्या मैदानाजवळ मोफत तपासणीचं शिबिर लागलं होतं. ही पळून आली आणि तशीच घामाघूम खुर्चीत बसली. रक्तदाब जास्त निघाला. बरोबरच्यांपैकी कुणी म्हणालं, "मेडिकलला उडशील तू." मुकुंदवाडीत राहणाऱ्या मावशीला रक्तदाबाची गोळी सुरू होती. हिनं तिची पट्टी उचलली आणि शेवटच्या आठवड्यात रोज एक घ्यायला लागली. ग्राउंडच्या पहाटे भीतीनं दोन घेतल्या.

"पहिला राउंड झाला अन् पायच उचलंनात, साहेब. म्होरं पळायचं कळत व्हतं, पण अंग ऐकंना. ती मला सारखी सांगायची, या गोळ्या नको घेऊस. मीच तिला शपथ घातली, कुणाला सांगू नको म्हणून. वरती कळलं तर मला काढून टाकतील."

डॉक्टर पलीकडंच उभे होते. ते म्हणाले, "पळून आल्याबरोबर कुणाचाही रक्तदाब वाढलेलाच दिसतो. हिला गोळीची गरज होती की नाही तेच माहीत नाही." पुढं आठवडाभर त्यांनी रोज मोजला. गरज नव्हती.

तिचा जबाब लिहून घेऊन मी ठाण्यात परतलो तेव्हा साडेदहा झाले होते. मैत्रिणीला जीपमध्ये घालून मैदानावर नेलं. चुना मारलेल्या पट्ट्यांवर आता पुरुष उमेदवार धावत होते. हजेरी बंद झाली होती. ती रडली नाही. बराच वेळ तारेच्या कुंपणाला धरून धावणाऱ्यांकडं बघत राहिली.

मी भरती समितीला स्वतःच्या हातानं लेखी दिलं की उमेदवाराची चूक नाही, मी तिला ठाण्यात बसवून ठेवलं होतं. त्यांनी शेवटच्या दिवशी तिला संधी दिली. पण ती पळाली तेव्हा नीट जेवलेली नव्हती, नीट झोपलेली नव्हती. अंतिम यादीत ती दोन गुणांनी राहिली. पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय उलटलं. पाचोडची मात्र पुढच्या भरतीत गोळीबिळी न घेता पळाली आणि लागली.

यादी लागल्यावर मी पुंडलिकनगरला गेलो. मैत्रीण सामान बांधत होती. मी म्हणालो, "पोरी, माझं चुकलं. पण तू एक शब्द बोलली असतीस तर मी तुला सोडलं असतं."

तिनं गादीची दोरी आवळली. "शपथ होती, साहेब. तरीसुद्धा बोलले असते मी. पण तुम्ही 'गोळ्या कुणी दिल्या' एवढंच विचारत होता. तुम्हाला माझंच नाव पाहिजे होतं."

तिची पेटी खाली रिक्षापर्यंत नेऊन दिली, एवढंच केलं.

आता कधीमधी नव्या अधिकाऱ्यांपुढं बोलायला बोलावतात. मी त्यांना हीच केस सांगतो. गप्प बसणारा माणूस दर वेळी स्वतःलाच वाचवत नसतो, हे सांगतो. आणि बाकावर कुणाला बसवण्याआधी त्याचं आज काय बुडणार आहे तेही विचारा, म्हणतो. बोलून झालं की टाळ्या वाजतात. मी खाली बसतो, पण चैन पडत नाही. दिलेला शब्द मोडत नाही, दबावाखाली खोटं बोलत नाही, अशी माणसं आमच्या खात्याला हवी असतात. तशी एक मुलगी दारात आली होती, आणि मी तिला आत येऊ दिलं नाही.