दुप्पट कापायच्या आत

आचोळ्याचा फ्लॅट माझ्या आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या नावावर होता. त्यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं. बायकांच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, एवढंच कारण. घर दोघा भावांनी पाहिलं, कर्जाचं दोघांनी ठरवलं, आणि आम्ही दोघींनी पेन्सिलीने फुली मारलेल्या जागांवर सह्या केल्या. वकिलाने विचारलं, "वाचलंत ना?" आम्ही माना डोलावल्या. वाचलं कुणी होतं?

चार वर्षांनी तो फ्लॅट विकला. जाऊबाई पोळी-भाजीचे डबे करतात. डबे वाढत गेले आणि त्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दोन बायका एका वेळी वळू शकेनात. तेवढ्यात वसईत होळी नावाच्या भागात एक बैठं घर मिळालं. पुढे पडवी, मागे मोरी, आणि स्वयंपाकघर एवढं मोठं की पहिल्या दिवशी जाऊबाईंनी त्यात नुसतीच एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "काय गो, हरवायला होईल मला इथे." त्या मूळच्या गुहागरकडच्या. हसू आलं की त्यांच्या बोलण्यात गाव येतं.

फ्लॅट विकल्यावर कर्ज फिटलं आणि बँकेने कागदांची फाइल परत दिली. एका दुपारी पडवीत बसून मी ती फाइल लावत होते. करारनामा, पावत्या, आणि सगळ्यात खाली घराच्या विम्याची पॉलिसी. कर्जाबरोबरच काढलेली, दहा वर्षांची, एकोणीस हजारांचा हप्ता एकदमच भरलेला. विमेदार म्हणून आमची दोघींची नावं. मी जाऊबाईंना हाक मारली. त्या हातातलं लाटणं घेऊनच आल्या.

"आपला विमा होता?" त्या म्हणाल्या.

"आपला नाही, घराचा. आणि आहे अजून. सहा वर्षं बाकी आहेत."

"पण घर तर आता दुसऱ्यांचं."

"तेच तर."

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, ताटातून मानही वर न करता म्हणाले, "सोड ते. मुदतीआधी बंद केली की कंपनी कॅन्सलेशन चार्ज लावते. कापून कापून हातात काय येणार? चार खेटे होतील नुसते." आमच्या ह्यांनी लगेच री ओढली.

जाऊबाई आमटी वाढत होत्या. पळी तशीच हवेत धरून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या मते काही मिळणार नाही?"

"नाही."

"मग मिळालं तर आमचं. दोघींचं."

दोघे भाऊ हसले आणि दादांनी अगदी उदार हाताने सांगितलं, "घ्या, घ्या. सगळं तुमचं."

लगेच जायचं ठरलं होतं, पण डब्यांतून सवड काढता काढता आठवडा गेला. एका दुपारी डबे पोचवून झाले आणि मी स्कूटर काढली. जाऊबाई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या आणि अंगानेही भरलेल्या. स्कूटरवर बसल्या की माझ्या खांद्याचा मांसाचा गोळा मुठीत धरतात आणि दर वळणाला "हळू गो, हळू" म्हणतात. होळीपासून विरारपर्यंत मी ते किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. विमा कंपनीचं ऑफिस विरार पूर्वेला एका शिकवणीच्या क्लासवर दुसऱ्या मजल्यावर होतं. पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

काउंटरवर तिशीतला एक मुलगा होता. नीट भांग, इस्त्रीचा शर्ट. त्याने पॉलिसी पाहिली, कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं आणि विचारलं, "रद्द करायचं कारण?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, "घर गेलं."

त्याची बोटं थांबली. "गेलं म्हणजे... आग लागली?"

"छे हो."

"पाणी शिरलं? भिंत वगैरे कोसळली?" तो उभाच राहिला. "काकू, आधी बसा तुम्ही. पाणी घ्या. कुणाला लागलं नाही ना?"

"लागायचंय कुणाला?" जाऊबाई गोंधळून म्हणाल्या. "चांगल्या भावाने गेलं!"

मला हसू फुटलं. दाबायला गेले तर नाकातून घोड्यासारखा आवाज आला. तो मुलगा एव्हाना खणातून नुकसानभरपाईचा फॉर्म काढून बसला होता, त्यावर त्याने तारीखही लिहिली होती. "विकलं हो, विकलं!" मी कसंबसं म्हटलं. तेव्हा जाऊबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्या काउंटरवर कपाळ टेकून गदगदा हलायला लागल्या. मागे रांगेत एक गृहस्थ होते, त्यांना वाटलं बाई रडतायत. त्यांनी हळूच रुमाल पुढे केला. मग काही बघायलाच नको. तो मुलगाही खाली बघून हसत होता, पण नोकरीवर असल्यामुळे बेताने.

हसणं ओसरल्यावर त्याने पॉलिसीचं मागचं पान उघडून समजावलं. झालेली चार वर्षं गेली. न वापरलेली पुढची पाच वर्षं पूर्ण परत. मधलं चालू वर्ष मात्र जितके दिवस झाले तितक्याच हिशोबाने सुटत नाही, त्याला एक कोष्टक आहे. पंधरा दिवस झाले तर इतकं कापायचं, एक महिना झाला तर इतकं, दोन महिने झाले तर इतकं. जितके दिवस वापरलं त्याहून जास्तच कापलं जातं. तोच रद्द करण्याचा आकार.

"हा कुठला न्याय?" जाऊबाई म्हणाल्या. "माझ्याकडे महिन्याचा डबा लावून कुणी दहा दिवसांनी बंद केला, तर मी दहा दिवसांचेच घेते."

"आता नव्या पॉलिसीत असं नाही काकू, दिवसांच्या हिशोबानेच मिळतं. तुमची जुनी आहे, त्यात हे कोष्टक छापलेलं आहे." मग त्याने तारखेवर बोट ठेवलं. "अहो, तुमच्या चालू वर्षाचा आज बरोबर एक महिना पूर्ण होतोय. आज अर्ज घेतला तर एक महिन्याचं कापलं जाईल. उद्यापासून दोन महिन्यांचं. म्हणजे दुप्पट."

"दुप्पट!" आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

"मग घ्या की अर्ज," मी म्हटलं.

पण अर्ज घेता येत नव्हता. पॉलिसीवर बँकेचंही नाव होतं. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आमच्याजवळ होतं, पण त्यात या पॉलिसीचा नंबर नव्हता. नंबर घालून, या पॉलिसीवर आमचा हक्क राहिला नाही, असं बँकेने लिहून द्यायला हवं होतं. बँक आचोळ्याला, चारला बंद होणारी. हे ऑफिस पाचला बंद होणारं. घड्याळात साडेतीनला पाच कमी.

आम्ही जिना उतरलो म्हणण्यापेक्षा घरंगळलो. जाऊबाई स्कूटरवर बसल्या, खांदा धरला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं, "घाल पुढे गो! काय बघतेस त्या रिक्षाकडे? घाल!" मी घातली. खड्डे आले, चुकवायला वेळ नव्हता. दर खड्ड्याला जाऊबाई वर उडत होत्या आणि खाली येताना हसत होत्या. हसणाऱ्या माणसाला मागे घेऊन स्कूटर चालवून बघा. हँडल आपोआप नाचतं.

आचोळ्याच्या अलीकडे वाहतूक तुंबली. एक टेम्पो भर रस्त्यात आडवा होऊन वळत होता, त्यावर दोरीने बांधलेलं कपाट. पुढे नाही, मागे नाही. मी घड्याळ पाहिलं, चारला दहा कमी. मागे वळले तर जाऊबाई नव्हत्या. पाहते तो त्या पुढे. पदर खोचलेला, फाइल काखेत, रिक्षांच्या मधून वाट काढत सपासप चाललेल्या. ज्या बाईला जुन्या घराचा जिना चढताना धाप लागायची, ती टेम्पोला वळसा घालून दिसेनाशी झाली. मला इतका आनंद झाला की मी उगाचच हॉर्न वाजवला. शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "क्या हुआ?" मी म्हटलं, "मेरी जेठानी है!"

मी पोचले तेव्हा बँकेचं शटर अर्ध्यावर आलं होतं. शिपायाने अडवलं. आतून आवाज आला, "तिला येऊ द्या, ती माझी दुसरी सही आहे." मी वाकून आत गेले. जाऊबाई मॅनेजरबाईंच्या समोर बसल्या होत्या, घामाने निथळत, अगदी राजेशाही.

मॅनेजरबाई म्हणत होत्या, "उद्या सकाळी पहिल्यांदा तुमचंच करते. आता सिस्टिम बंद करायची वेळ झाली."

"उद्या दुप्पट कापतात," जाऊबाई म्हणाल्या. "मॅडम, चार वर्षांपूर्वी इथेच, ह्याच खुर्चीत बसून मी पंचवीस-तीस सह्या केल्या. कशावर करते ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आज पहिल्यांदा मला ठाऊक आहे कागदावर काय हवंय. तुम्ही टाइप करा, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मी मारून देते."

मॅनेजरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग हसल्या, मान हलवली आणि कीबोर्ड पुढे ओढला. तीन ओळींचं पत्र. जाऊबाईंनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. पॉलिसीचा नंबर दोनदा ताडून पाहिला. एक आकडा चुकला होता! तो दुरुस्त करून दुसरी प्रत काढली, शिक्का बसला, आणि शिपायाने शटर आमच्यासाठी पुन्हा वर केलं.

परतीला रस्ता बरा होता, पण क्लासच्या जिन्यात मुलं सुटली होती. खाली येणाऱ्या शंभर दप्तरांतून आम्ही दोघी वर चढत होतो. ऑफिसात शिरलो तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. तो मुलगा आमचा फॉर्म भरून, पेन उघडून वाट बघत बसला होता. ऑफिसातले बाकीचे लोक आपापले डबे-पिशव्या आवरत होते. आम्ही सह्या केल्या, त्याने शिक्का मारला आणि पोच दिली. रांगेतले रुमालवाले गृहस्थ त्यांचं काम उरकूनही केवळ बघायला थांबले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते खोटं वाटेल म्हणून सांगायचा मला संकोच होतो, पण वाजवल्या.

पाणी पिऊन झाल्यावर मला सुचलं. "दुप्पट म्हणजे, किती वाचले आमचे?"

त्याने कॅल्क्युलेटर घेतला. आकडा पाहून तो जरा ओशाळला. "दोनशे पंच्याऐंशी रुपये."

जाऊबाईंनी कॅल्क्युलेटर आपल्याकडे वळवून आकडा पाहिला.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला, "पण तुम्ही तोवर जिन्यात होता."

जाऊबाई खुर्चीत मागे रेलल्या आणि हसल्या. तोंडावर पदर न घेता, आवाज न दाबता, सगळं ऑफिस बघत असताना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दोनशे पंच्याऐंशी," त्या म्हणायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. पंचवीस वर्षं आम्ही एका घरात आहोत. त्यांचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

तीन आठवड्यांनी अकरा हजार एकशे पंधरा रुपये जमा झाले. रात्री जेवताना दादांनी बँकेचा मेसेज वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "बरे आले की. पुढच्या खोलीत पंखा बसवू, शिवाय रंगाचंही..."

"तुम्ही म्हणालात काही मिळणार नाही," जाऊबाई म्हणाल्या. "न मिळणाऱ्या पैशांत पंखा कसा येईल?"

आमचे हे ताटात बघून जेवत राहिले.

पुढच्या सोमवारी जाऊबाईंनी डब्यांना चक्क सुट्टी दिली. गिऱ्हाइकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, कारण सांगितलं नाही. आम्ही दोघी अर्नाळ्याला गेलो. घरातल्या माणसांबरोबर कितीदा गेलो असू, पण तेव्हा आमचं लक्ष पिशव्यांवर, पोरांवर आणि चटईवर. ह्या वेळी हातात काही नव्हतं. किनाऱ्यावर बोंबील वाळत होते, आणि समोर किल्ल्याकडे जाणारी होडी सुटायच्या बेतात होती.

"लग्न झाल्यापासून होडीत बसले नाही मी," जाऊबाई म्हणाल्या. "गावाला रोज बसायची."

होडीवाल्याने ओरडून सांगितलं, "मावशी, पानी चढतंय, साडी वर घ्या नि या लवकर!"

त्यांनी साडी गुडघ्यापर्यंत उचलली आणि माझी वाट न बघता पाण्यात शिरल्या. लाट आली, कमरेपर्यंत भिजल्या, आणि दोन माणसांनी हात देऊन वर ओढलं तेव्हा त्या होडीत जवळजवळ पालथ्याच पडल्या. उठून सरळ होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसल्या. मी मागून चढले. किल्ल्याशी होडी लागली, लोक उतरले. जाऊबाई उतरल्या नाहीत. होडीवाल्याला म्हणाल्या, "मला किल्ला नको दादा. मला नुसतं परत ने, नि परत आण."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्या म्हणतात तसं करा."

आम्ही तीन फेऱ्या मारल्या.