मासा पुन्हा पोहायला लागतो

दादाच्या क्लासच्या नांदेड शाखेतून शिपायाचा फोन आला. "ताई, सर गेले… शिकवता शिकवता फळ्यापाशीच खाली बसले." त्याला आता सहा आठवडे झाले. लोक भेटायला येतात, दादाने किती डॉक्टर घडवले ते सांगतात, मी मान डोलावते. खरं सांगू? मला अजून रडू आलेलं नाही. राग येतो.

भूकंपात भिंत पाठीवर पडली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कमरेखालचं सगळं बधिर झालं. दादा लातूरला जीवशास्त्र शिकवायचा, त्याने मला आपल्या घरी आणलं. माझ्या खाटेवर बसून जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे तो मासा काढायचा. "माशाचा मज्जारज्जू तुटला तरी पुन्हा जुळतो, सुमे. वरचं आवरणबी नवं येतं. मासा पुन्हा पोहायला लागतो. तुझा का न्हाई जुळणार?" मदतीत आलेली चाकांची खुर्ची त्याने परत पाठवली, पाय चालायचं विसरतील म्हणून. अपंगांसाठीचा एसटीडी बूथ माझ्या नावावर मिळत होता, तोही नको म्हणाला. "दोन वर्सांत चालत कॉलेजात जाशील. बूथवर कशाला बसतीस?" मीही हुरळले, कागदावर सही केली नाही. रोज संध्याकाळी तो माझ्या पायाचा अंगठा चिमटायचा आणि विचारायचा, "कळलं का?" मी म्हणायचे, "उद्या कळंल." अशी आठ वर्षं गेली.

मग गल्लोगल्ली क्लासचं पेव फुटलं. दादाने नोकरी सोडून अंगणात पत्र्याची शेड टाकली. माझी खाट खिडकीशी होती. एका दुपारी त्याचा खणखणीत आवाज आला. "मज्जारज्जू माशात जुळतो. माणसात? न्हाई! तिथं वण धरतो, तंतू पुढं जात न्हाईत. पर्याय क, डोळे झाकून. कळलं का?"

"हो सर!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

परक्या पोरांना जे एका दमात सांगितलं, ते माझ्यापासून आठ वर्षं लपवलं. वहिनी म्हणते, त्यांना तुमचं मन मोडवत नव्हतं. असेल… पण माझा केसाने गळा कापला तो माझ्या सख्ख्या भावाने.

त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा आला, अंगठा चिमटला. "कळलं का?"

"कळलं."

दादा ताडकन उठला, घाईघाईने पुन्हा बसला. डोळे भरून आले त्याचे. "अगं, इकडं ये! सुमीला कळलं!" त्याने वहिनीला हाक मारली.

"शेडमधलं कळलं, दादा. पर्याय क."

अंगठा त्याच्या मुठीत होता. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. वळून बघितलं तेव्हा तो निघून गेला होता. अंगठा त्याने कधी सोडला, मला कळलं नाही.