सारवणावर व्हिनाईल

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कडावच्या आमच्या घरात जमिनीवर अंथरायचे व्हिनाईल आले, ते वडिलांच्या दम्यामुळे. एक तरुण डॉक्टर दवाखान्यासाठी जागा शोधत होते. दहिवलीतली एक खोली आणि आमची पुढची पडवी, अशा दोन जागा त्यांनी पाहिल्या. पडवी पसंत पडली, तिची जमीन नाही.

"शेणाची जमीन दवाखान्यात चालणार नाही. धुता आली पाहिजे," ते म्हणाले आणि पंधरा दिवसांनी येऊन नक्की करतो असे सांगून गेले.

वडिलांना धाप लागली की एसटीची वाट पाहून कर्जत गाठावे लागे. एसटी आपल्या वेळेने येई, धाप आपल्या. डॉक्टर घरातच बसणार म्हटल्यावर आईने जमीन बदलायचे ठरवले. कोबा घालावा, असे मी सुचवले. पण सिमेंटला परमिट लागे.

"परमिट येईस्तोवर डॉक्टर म्हातारा होईल रं," काका म्हणाले. "व्हिनाईल आणू. आमच्या साहेबाच्या केबिनमधी हाय."

काका खोपोलीला कारखान्यात फिटर होते. साहेबाची केबिन त्यांनी दारातून पाहिली होती. एवढ्या अभ्यासावर ते घरातले तज्ज्ञ ठरले.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर खोपोलीच्या बाजारात गेलो. दुकानदाराने तीन प्रकार काढले. पहिला पुठ्ठ्यासारखा पातळ, वर नक्षी छापलेली. नखाने ओरखडले की नक्षी जाई. दुसऱ्याच्या पाठीला स्पंज होता. पायाला मऊ, पण टेबल ठेवले की पायाचा खळगा कायमचा. तिसऱ्या होत्या कडक चौकोनी टाइल. रंग वरून खालपर्यंत एकच, त्यामुळे झिजल्या तरी तशाच दिसत. त्या गम लावून एकेक बसवायच्या.

"दवाखान्याला टाइलच घ्या," दुकानदार म्हणाला. "पण कुठलंही घ्या, खाली जमीन कोरडी पाहिजे, कडक पाहिजे. कोबा आहे ना?"

दुकानात खंडाळ्याला निघालेले एक मुंबईकर कुटुंब उभे होते. काकांनी त्यांच्याकडे पाहिले.

"कोबाच समजा."

"समजून कसं चालेल? आहे की नाही?"

"हाय हो! दगडासारखा हाय."

मी दुरुस्ती केली नाही. मुंबईच्या एका दैनिकात तेव्हा मी उमेदवारी करत होतो आणि चुकीचे विधान दुसऱ्याच्या तोंडी ठेवून नामानिराळे राहायला नुकताच शिकलो होतो.

टाइल बसवायला दुकानाचा माणूस घरी आला असता आणि कोबा पाहायला मागितला असता. काकांनी स्पंजवाला रोल घेतला, निळ्या फुलांचा.

"मऊ हाय. पेशंट पडला तरी लागायचं नाय," त्यांनी मला पटवून दिले.

टेंपोतून रोल घरी आला तेव्हा आईने पडवी नुकतीच सारवली होती.

"वयनी, आजच कशाला सारवलं?"

"नवी वस्तू काय पारोशा जमिनीवर घालायची, भावजी? वाळलीय वरनं. हाताला लागत नाय."

काकांनी हात लावून पाहिला. रोल पसरला आणि कडेने लाकडी पट्ट्या ठोकल्या. संध्याकाळी अर्धी आळी पाय धुऊन पाहायला आली. शेजारीण उंबऱ्यातच थबकली.

"अगं बाय, ह्याच्यावर चालायचं का ह्याला हळदकुंकू लावायचं?"

पुढच्या शनिवारी मी परत आलो तेव्हा पडवीला गोठ्याचा वास येत होता. "नव्याचा वास हाय," काका म्हणाले. तो घालवायला आई तीन दिवस धूप जाळत होती. वडील गुरुवारपासून उशीला टेकून बसून होते. आईच्या मते एकच दिवस काढायचा होता, उद्या डॉक्टर येणारच होते.

रविवारी डॉक्टरांनी पडवीत पाऊल ठेवले तसे ते किंचित आत रुतले. ते खाली बसले, एक पट्टी उचकटली आणि कोपरा उचलला. खाली पांढरी बुरशी होती, आणि तिच्यात दोन गांडुळे खुशाल फिरत होती. तेवढ्यात आतून वडिलांची घरघर ऐकू आली. डॉक्टर कोपरा टाकून आत गेले, इंजेक्शन दिले आणि वडिलांना उचलून अंगणात खाटेवर आणायला लावले.

"धाप कधीपासून?"

"बेस्तरवारपासनं," आई म्हणाली.

"आणि हे कधी घातलंत?"

"त्याच्या आदल्या शनवारी."

डॉक्टरांनी बोटांवर दिवस मोजले. काका मध्येच म्हणाले, "दुसरा प्रकार आणू का? चौकोनी होता."

"कुठलाही आणा, ओल खालून येणारच. पहिल्यांदा हे काढा. बुरशी आणि धूर, दोन्ही यांच्या छातीत जातंय." मग ते आईकडे वळले. "मी दहिवलीची खोली घेतो. तिथं कोबा आहे."

आईने पदर खोचला, पडवीत गेली आणि सगळ्या पट्ट्या एकामागून एक उपसल्या. काका मदतीला सरकले. "तुमी हात लावू नका," ती म्हणाली. रोल ओढत तिने अंगणात आणून टाकला आणि डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"दवाखाना तिकडंच घाला. पण आठवड्यातनं एकदा इकडं या. हितं अंगणात बसा. अंगणाला तर काय धुवायचं नाय ना?"

डॉक्टरांनी खाटेवरच्या वडिलांची नाडी पुन्हा पाहिली. धाप उतरत होती.

"गुरुवारी येतो," ते म्हणाले. "सकाळी. आणि धूप बंद."