कुंडमचं यंत्र

विशाखाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिहोऱ्याहून परतणाऱ्या बसमध्ये होते. तिचा धाकटा भाऊ आनंद एवढंच म्हणाला, "दीदी, ताई नाही राहिली." त्याला आता दीड महिना झाला...

जबलपूरच्या एका छोट्या कंपनीत मी तिच्या हाताखाली काम शिकले. आरोग्य केंद्रांतल्या लसींच्या फ्रिजचं तापमान बघणारी यंत्रं आम्ही बनवायचो. यंत्र सुरू केलं की आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो आणि यंत्र चालवणाऱ्या लिनक्स या मुख्य प्रणालीच्या हाती एक यादी देतो: मेमरी किती, तापमापक कुठे जोडलाय. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. यादी चुकली तर तापमापक जागेवर असूनही यंत्राला दिसत नाही. या याद्या सांभाळणं हे ताईचं काम. एका खेपेला यंत्रातला सर्किट बोर्ड बनवणाऱ्याने न कळवता तापमापक बदलला आणि बोर्डावरचा क्रमांक मात्र जुनाच ठेवला. बूटलोडर तो क्रमांक वाचून जुनी यादी द्यायचा. ताईने उपाय काढला, की बूटलोडरनेच आधी दोन्ही तापमापकांना विचारून बघावं आणि जो उत्तर देईल त्याची यादी उचलावी. त्यासाठी तिने पंधरा दिवस मागितले. मालक म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम, नंतर पाहू." ती उसळली, "लस खराब झाली तर त्या लेकरांच्या आयांना सांगाल काय, नंतर पाहू म्हणून?" तरी यंत्रं जुन्याच यादीसकट केंद्रांत गेलीच.

पुढे कंपनी बंद पडली. मी दुसरी नोकरी धरली. ताई मात्र लॅपटॉप घेऊन बसने केंद्राकेंद्रात जायची आणि हाताने यादी बदलायची. मी एकदा विचारलं, "तू काहून करून राहिली हे? आता कंपनी तरी कुठे आहे?"

"यादी तर माझीच आहे ना," ती म्हणाली.

मग तिच्या किडन्या गेल्या. एकट्या कुंडमचं यंत्र राहिलं होतं. ते मी करते म्हणाले होते, पण केलं नाही. दवाखान्यात तिने विचारलं, "कुंडमचं सुरू झालं काय?" मी हो म्हटलं. "चलो, अच्छा झालं," म्हणत तिने डोळे मिटले. तीच आमची शेवटची भेट.

ती गेल्यावर मी कुंडमला गेले. नर्स म्हणाली, "वो मशीन? वो तो कब की कबाड़ में चली गई, दीदी." बाकीच्या केंद्रांत फोन केले. तिने सुधारलेली यंत्रंसुद्धा काढून टाकली होती, सगळीकडे नवीन बसली होती, दुसऱ्या कुणाची.

परवा आनंदने तिचा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "माझ्या मुलीला कॉलेजसाठी पाहिजे होता. यातलं सगळं उडवून देऊ का?" मी उघडून पाहिला. प्रत्येक केंद्राची वेगळी फाइल होती. मझौलीच्या यादीत, तापमापकाच्या ओळीशेजारी, तिने मराठीत लिहून ठेवलं होतं: 'फ्रिज खिडकीपाशी आहे, दुपारी ऊन येतं. नर्सबाईंना पडदा लावायला सांगितलं.'

ती यादी वाचणारं यंत्र आता कुठेच नाही. मी आनंदला म्हटलं, "दे उडवून."